मुशीचं तेल

सिराजुद्दीननं मुंबईच्या आगबोटीतून विलायती माशाच्या तेलाची बाटली धाडली, ती धाकट्या बायकोच्या, तैयबाच्या नावानं. तिच्या हमीदला तिसरं वर्ष लागलं तरी पायांत जोर नव्हता. थोरल्या जैबुन्निसाचा मात्र जळफळाट झाला. तिला मूल नव्हतं, म्हणून तिच्या नावानं कधी अत्तराची कुपीसुद्धा येत नसे.

तैयबा पोराला उपाशीपोटी चमचाभर तेल पाजी आणि पोर ते भडाभडा ओकून टाकी.

"दारात समुद्र, आणि मासा विलायतेचा!" जैबुन्निसा म्हणाली. "अंगी लागायचा न्हाय तो."

"मग काय मचव्याला चोपडायचं मुशीचं तेल पाजू, आपा?"

आपाला ते झोंबलं. तिनं आगरदांड्याच्या कोळणीकडून ताज्या मुशी माशाचं काळीज आणवलं, मंद आचेवर त्याचं तेल काढलं आणि रोज दुपारी हमीदला मांडीवर घेऊन, नारळाच्या रसातल्या गरम भातात कालवून भरवू लागली. पोराच्या पोटात ते ठरलं. बाटली हरली पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं.

हिवाळा सरता सरता एका दुपारी हमीद तिच्या मांडीवरून उतरला, उभा राहिला आणि डुलत डुलत थेट दारातल्या आईकडे गेला.

"पाय फुटले तसा चालला बघा बाटलीवालीकडे!" जैबुन्निसा फणकारली.

तैयबानं पोराला उचलून छातीशी धरलं. हमीदनं मात्र मान वळवली आणि जैबुन्निसाकडे बघत घासासाठी तोंड उघडलं. तिचा हात ताटातला घास घेऊन आपसूक पुढं झाला.

"ते ताट इकडं द्या, आपा," तैयबा म्हणाली. "आजपासून मीच भरवीन."