बॉयलरचं मीठ

उसाचा चरक वाफेवर चालवायचा म्हणून बापूसाहेबांनी तळेगावात जुना बॉयलर आणला. रेल्वे इंजिनाचा आहे, असं दलाल म्हणाला होता. मुंबईची नोकरी सोडून गावी परतलेला सुभान तेव्हापासून रोज तिथं येऊन बसायचा, पत्रा चाचपायचा. एवढ्या उन्हातही सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत. त्याचा डोळा पितळेच्या तोट्यांवर आहे, याबद्दल बापूसाहेबांना शंका उरली नाही.

बॉयलर पेटवायच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलंच, "बाहीत पाना लपवलाय का रं?"

सुभाननं सांध्यातला पांढरा थर खरवडून पुढं केला. "चाखा."

बापूसाहेबांनी त्याच्या हातचं घेतलं नाही. स्वतःच्या नखानं खरवडून जिभेला लावलं. खारट लागलं.

"रेल्वेच्या इंजनात मीठ कुठनं यील, बापूसाहेब? ह्यो बंदरातल्या टगबोटीचा हाय. मोठाली जहाजं वढायची ती."

"तुला काय ठावं?"

"ह्या ठिगळापाशी वाफ फुटली व्हती. म्हनून तर बोट मोडीत काढली. भट्टीवर आमी चौघं व्हतो, तिघं जागीच गेलं."

मग त्यानं बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी भाजून आवळलेली होती.