ऐकण्याची कला

ब्यूनोस आयर्समध्ये मानसशास्त्रज्ञांना तोटा नाही, पण डॉक्टर वेक्स्लरांचा थाटच वेगळा! विद्यापीठात शिकवायचे, 'ऐकण्याची कला' या विषयावर गावोगाव भाषणं झोडायचे, शिवाय त्यावरच एकपात्री नाटक करून टाळ्या घ्यायचे. उरल्यासुरल्या वेळात रुग्ण.

नेलिदा वर्षानुवर्षं त्यांच्या कोचावर आडवी पडून आईशी होणारी भांडणं सांगत आली होती. डॉक्टर तिच्या डोक्यामागे बसत. मागे वळून बघायचं नाही, हा इथला शिरस्ता. तिने बोलायचं, त्यांनी हुंकार द्यायचा.

आज तिला धड बोलवेना.

"डॉक्टर, परवा आई वारली हो. भांडण मिटवायचं राहूनच गेलं."

मागे नाटकाच्या वहीचं पान उलटल्याचा आवाज झाला.



"हं... मग त्यावर आई काय म्हणाली?"