दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर

चांदबीने हिरवं बोंड फोडून अर्पिताच्या हातावर ठेवलं. आत गुलाबी अळी होती. अळीचा इशारा देणारं ॲप अर्पितानेच पुण्यात बसून बनवलं होतं, पण वरवट बकाल गावातल्या एकाही मोबाइलवर इशारा आला नव्हता. "चाची, जुलैत मी 'शेतात कापूस आहे का?' विचारलं, तेव्हा गावातल्या सगळ्या बाया नाही म्हणाल्या." "मंग? तवा नुसती झाडं, पऱ्हाटी होती, मॅडम. बोंड फुटल्यावर कापूस होते." अर्पिताने प्रश्नांची यादी उघडली. दुसरा प्रश्न होता, फवारणी कोण करतं. सगळ्या बायांचं उत्तर एकच होतं: माणूस. तिने अर्थ मजूर असा घेतला होता आणि फवारताना तोंड बांधायची सूचना ॲपमध्ये शेतमालकांसाठी ठेवलीच नव्हती. आता तिने विचारलं, "चाची, माणूस म्हणजे कोण?" चांदबीने लाजून धुऱ्याकडे, शेताच्या बांधाकडे, बोट दाखवलं. पाठीवर पंप घेऊन तिचा नवरा तोंड न बांधताच फवारत होता.