बारावी खिडकी

तो सरकारी तपासनीस, मिस्टर ट्रेंच, खिडक्याच मोजत होता. बोट नाचवत, अगदी सावकाश. हेस्टर पेनफोल्ड पडद्याआडून बघत होती. मेल्याला दुसरं काही सुचत नव्हतं का मोजायला?

तिचं घर, रूकली हॉल, सरकारच्या जतन-यादीत होतं. परवानगीवाचून खिळासुद्धा हलवायचा नाही, हलवला तर गुन्हा. आणि हेस्टरने अख्खी खिडकी हलवली होती. दर्शनी अकरा खिडक्या कशा सरळ, नेटक्या! कोपऱ्यातली बारावी तेवढी तिरकी. काच वेडीवाकडी, वारा सुटला की खडखड. मार्चमध्ये तिने गुपचूप सुतार बोलावून अकरांच्या मापाची नवी बसवून घेतली. जुनी जाळायला हात धजला नाही. परसात कोबीच्या रोपांवर थंडीचं झाकण म्हणून टाकली.

मग याला वास कसा लागला? शेजारच्या मार्जरीनेच कळवलं असणार! ओठात एक, पोटात एक. खटला झाला तर घर विकावं लागणार. नवऱ्यामागे वीस वर्षं एकटीने सांभाळलेलं घर.

चहाला तिने मिस्टर ट्रेंचना परसाकडे पाठ करून बसवलं. त्यांनी खुर्ची वळवून घेतली.

"डोळ्यांवर ऊन येतंय हो."

"बाराही खिडक्या अडीचशे वर्षांच्या बरं का," ती घाईने म्हणाली. "सून म्हणून आले तेव्हापासून बघतेय."

"छे हो!" त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. "युद्धात जवळच बॉम्ब पडला, अकरा फुटल्या. त्या माझ्या बाबांनी नव्या केल्या. ओळंब्याशिवाय हात न लावणारा माणूस! अस्सल वाचली ती एकटी वाकडी. शुक्रवारी निवृत्त होतोय, म्हटलं तिला एकदा डोळे भरून बघावं."

बिचारी मार्जरी! हेस्टरला स्वतःचीच लाज वाटली.

मिस्टर ट्रेंच परसाकडे बघत होते. बिस्किट चहात विरघळून गेलं.

"कोबीने नशीब काढलंय हो," ते शेवटी म्हणाले.

"मिस्टर ट्रेंच, मी... मला खरंच..."

"शुक्रवारपर्यंत मला काहीच दिसलेलं नाही." त्यांनी टोपी उचलली. "शनिवारी तिला परत जागेवर बसवायला बाबांची हत्यारं घेऊन येतो."