तिसऱ्या बाकाचा खिळा

दहा मिनिटांसाठी आलेल्या रेडिओमावशीजवळचं सगळं सामान दोन मिनिटांतच संपलं. स्तोत्र वाचून झालं, प्रार्थना झाली, आमेन झालं. पलंगावरच्या सुतारकाकांनी भिंतीकडे केलेलं तोंड काही वळवलं नाही.

आजाऱ्यांना भेटायला जायचं काम खरं तर चर्चमधल्या दुसऱ्या दोघींचं. दोघीही शांत, हळू बोलणाऱ्या. आज नेमकं दोघींनाही तापानं धरलं, म्हणून पाळकसाहेबांनी नाइलाजानं हिला पाठवलं. "एक स्तोत्र, एक प्रार्थना, आणि निघायचं," त्यांनी बजावलं होतं. "आणि मावशी, जरा बेतानं हं." बेतानं म्हणजे काय, ते तिला बरोबर कळलं. तिच्या दुकानात एका बटणासाठी आलेलं गिऱ्हाईक पाऊण तासानं सुटतं, हे अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं. रेडिओ हे नाव काही उगाच नव्हतं पडलं.

गेल्या रविवारीच उपासनेनंतर चिठ्ठ्या वाटल्या होत्या. देवानं तुम्हाला कोणतं दान दिलंय ते लिहा, मंडळीच्या कामाला लावू. कुणी गाणं लिहिलं, कुणी शिवणकाम, एकानं तर बागेला पाणी घालणं लिहिलं. मावशीनं पेनाचं टोपण चावून चावून चपटं केलं आणि कोरी चिठ्ठी तशीच पेटीत टाकली. घरी येऊन थोडी रडलीही. बोलणं सोडून आपल्याला काही येत नाही, आणि बोलणं बंद कर असं तर लहानपणापासून जो तो सांगत आलाय.

दार उघडतानाच काकूंनी तिला सगळं सांगितलं होतं. "अर्धांगाचा झटका येऊन पाच आठवडे झाले हो. हात सुधारतोय. डॉक्टर म्हणतात, बोलणंही परत येईल, पण रोज बोलायला हवं, जितका उशीर तितकं अवघड. हे बोलतील तर ना! पहिल्या दिवशी जावयासमोर शब्द वेडेवाकडे आले, लाज वाटली, तेव्हापासून तोंड मिटलंय ते मिटलंय." एवढं सांगून काकू चहा टाकायला आत गेल्या.

खोलीत आता चिडीचूप. पाच आठवडे इथे येणारा प्रत्येक जण असाच पाय न वाजवता आत यायचा, कुजबुजायचा आणि मान हलवत जायचा. मावशीला ती शांतता सोसेना. देवा, आवर रे मला, ती मनात म्हणाली. देवानं मुळीच आवरलं नाही.

"काका, तुम्ही हिंडायला लागलात ना, की आधी चर्चमधले बाक बघा बाई. तुम्हीच केलेत ना ते? छान केलेत, नाही कोण म्हणतंय! पण तिसऱ्या बाकाचा खिळा वर आलाय. माझं नवंकोरं स्वेटर उसवलं, हे एवढं! मागच्या बाई प्रार्थना संपेपर्यंत लोकर गुंडाळत बसल्या होत्या. आता तुमचाही काय दोष म्हणा, खिळे म्हटले की कधी ना कधी सैल व्हायचेच..."

पलंग करकरला.

"खि... खिळा नाही."

"नाही कसा?" थांबेल ती मावशी कसली! "मी काय थापा मारतेय? या डोळ्यांनी बघितला!"

"बा... बाकात... खिळा... नाही!" काकांनी कूस बदलली होती. चेहरा लालबुंद. तोंडाची एक बाजू साथ देत नव्हती, शब्द घसरत होते, पण काका एकेकाला धरून उभं करत होते. "खुंट्या! ला... लाकडी! सगळे... सांधे!"

"मग माझं स्वेटर काय उंदरानं उसवलं?"

"हूक... ठो... ठोकला असेल. पिशव्या... अडकवायला. कुणी... गा... गाढवानं!"

"अगंबाई," मावशीला एकदम आठवलं. "तो तर पाळकसाहेबांनी ठोकला!"

काकांच्या छातीतून खरखरत हसू आलं, आणि त्या हसण्याचा आवाज कानावर पडला तसे ते दचकले. मावशीही दचकली. आपण पाच मिनिटं कुणाशी भांडतोय, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. जन्मात पहिल्यांदाच तिला पुढचं वाक्य सुचेना.

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. हातातल्या गाळणीतून चहा फरशीवर ठिबकत होता, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्या हसत होत्या. काकांनी ते पाहिलं. त्यांचा हात ओठांकडे गेला, ओठ घट्ट मिटले, आणि तोंड पुन्हा हळूहळू भिंतीकडे वळू लागलं.

काकू घाईघाईनं मावशीजवळ आल्या. तिचा दंड धरून कानात म्हणाल्या, "मावशी, तुमच्या पाया पडते, अजून काहीतरी चुकीचं बोला ना!"

मावशीनं खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात एक उंच कपाट होतं. दारांवर बारीक वेलबुट्टी कोरलेली, एकेक पान वेगळं. असं काम करायला माणसाचं अख्खं वर्ष जात असणार, हे बटणं विकणाऱ्या बाईलाही कळत होतं.

"काय हो काकू," ती चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "हे प्लायवूडचं कपाट बाजारातून तयार आणलंत वाटतं?"

काकांनी अंगावरचं पांघरूण भिरकावून दिलं.