पारा उतरेपर्यंत
माझ्या मोजणीत त्वचेच्या किरणोपचाराच्या नव्या यंत्राचा डोस, बाबांनी मोजून ठेवलेल्या जुन्या यंत्रापेक्षा जवळजवळ तीन टक्के जास्त निघाला. जुनं कायमचं बंद पडलेलं, आणि त्यावर अर्धे उपचार झालेल्या आजी नाकाच्या शेंड्यावरची गाठ घेऊन बाहेर बसलेल्या. “नाक तेवढं शाबूत ठेव गं, नाहीतर चष्मा कुठे टेकवू?” उरलेले डोस आधीइतकेच पडायला हवे होते. किरणांची वेळ कमी करायला मी पेन उचललं, तेव्हा बाबांबरोबर याच खोलीत वीस वर्षं काढलेले काका म्हणाले, “डोस काढताना खोलीचं तापमान किती धरलंस?” “एकतीस.” “या एसीत? मी काय स्वेटर हौसेनं घातलाय?” माझा हात छातीवरच्या खिशाकडे गेला. बाबा गेल्यापासून त्यांचा हवेचं तापमान मोजायचा थर्मामीटर माझ्या खिशात असतो. मोजणीच्या वेळी तो काढल्या काढल्या वाचला होता. माझ्याच अंगाची ऊब मोजली होती, आणि हवा जास्त गरम धरली की हिशेबात डोसही जास्त निघतो. बाबाही तो घरून खिशातच आणायचे. शाळेला सुट्टी असली की मी सोबत यायचे. टेबलावर ठेवला की पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. “खोलीशी ओळख होऊ दे त्याची,” म्हणायचे, आणि घरी मोजकंच बोलणारे बाबा तेवढा वेळ माझ्याशी गप्पा मारायचे. मी थर्मामीटर टेबलावर ठेवला आणि शेजारी बसले. काकांनीही खुर्ची ओढली. पारा तेविसावर थांबला. पुन्हा आकडेमोड केली. दोन्ही यंत्रांचे डोस जुळले. “या आजी,” मी हाक मारली आणि थर्मामीटर खिशात ठेवला. उद्यापासून पंधरा मिनिटं लवकर यायचं.