तपासणीची तयारी

बाबा आयुष्यभर शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे साखरेच्या तपासणीलाही परीक्षेसारखी तयारी करून जायचे. दर खेपेला आठ दिवस आधीपासून गोड बंद, दोन्ही वेळा चालणं सुरू. रात्रभर उपाशी राहून सकाळी रक्त द्यायचं आणि परतताना बेकरीत शिरून स्वतःला बक्षीस द्यायचं. “पोरी, परत पास!” म्हणत ते रिपोर्ट पुढे करायचे आणि मी कौतुकाने फायलीत लावायचे. आज डॉक्टरीणबाईंनी त्यांचा मोजा उतरवला, काळा पडलेला अंगठा पाहिला, फाईल चाळली, बाबांची आठ दिवसांची तयारी माझ्याकडून ऐकली आणि कपाळाला हात लावला. “अहो, उपाशी फक्त रात्रीपुरतं राहायचं. आधी रोजच्यासारखंच खायचं, तरच खरी साखर कळते. आता पाय वाचणं कठीण आहे.” बाबा मोजा हातात घेऊन बसून राहिले. मग हळूच म्हणाले, “बाई, परत परीक्षेला बसू द्या. या वेळी तयारी करणार नाही.”